अस्थिमज्जेतील मेद आणि मज्जातपासणीची जागा

अहवालाच्या अखेरीस एका आरोग्यविषयाची ओळख करून देण्याचा प्रघात आम्ही यंदाही पाळीत आहोत. विषय सुचला तो संमतीपत्रांवरून. अकोले, पारनेर, पाथर्डी, जामखेड अशा तालुक्यांतून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक विचारतात, "रक्त हातातून काढता, मग सुई कमरेच्या हाडात कशासाठी?" पाय लुळे पडतील या धास्तीने कोणी सही नाकारतात, आणि रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारात असे गेलेले दिवस भरून निघत नाहीत.

हाडांतील मज्जा सर्वत्र एकसारखी नसते. मांसाहारी वाचकांनी हे पाहिलेलेच असेल. बोकडाची नळी फोडली की पिवळट, स्निग्ध मगज निघतो. मणक्याच्या तुकड्यात मात्र लालसर, जाळीदार भाग दिसतो. माणसाचेही तसेच आहे. लाल मज्जेत रक्तपेशी तयार होतात व मेद सुमारे ४० टक्के असतो. पिवळ्या मज्जेत तो ८० टक्क्यांच्या आसपास जातो.

जन्मतः जवळजवळ सर्व हाडांत लाल मज्जाच असते. पुढे मेद हातापायांच्या टोकांकडून धडाकडे सरकत येतो. साधारण पंचविशीनंतर लाल मज्जा मुख्यतः मणके, कमरेची हाडे, छातीचे मधले हाड, बरगड्या, कवटी आणि दंड व मांडीच्या हाडांची वरची टोके येथेच उरते. रक्तपेशी मज्जेत जन्मतात हे १८६८ मध्ये दाखविणारे जर्मन वैद्यक अर्न्स्ट नॉयमान यांनीच १८८२ मध्ये हा क्रमही मांडला. १९३६ मध्ये अमेरिकेत हगिन्स व ब्लॉक्सम यांनी उंदराच्या शेपटीचे टोक त्याच्याच उबदार पोटात बसविले, तेव्हा तेथील पिवळी मज्जा लाल झाली. थंड टोकांकडे मेद का साचतो, याचा एक धागा त्यातून मिळाला. मात्र केवळ उष्णतेने सारा उलगडा होत नाही.

म्हणूनच तान्ह्या बाळाचा नमुना नडगीच्या हाडातून घेता येतो. मोठ्या माणसाच्या नडगीत बहुतांशी मेदच मिळेल. त्याच्यासाठी कमरेच्या हाडाची मागची वरची कड निवडतात. ते हाड कातडीलगत असते आणि मज्जारज्जू तेथे नसतो. पाय लुळे पडण्याच्या भीतीला याहून सरळ उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

मेद दिसला म्हणजे आजार, असेही नव्हे. कमरेच्या मज्जेत रक्तपेशींचे प्रमाण ढोबळमानाने शंभरातून वय वजा केले की मिळते. सत्तरीतील आजोबांच्या नमुन्यात ३० टक्के पेशी स्वाभाविक; विशीतील नातवाच्या नमुन्यात तेवढ्याच आढळल्या तर डॉक्टर सावध होतात. थॅलेसेमिया वा सिकलसेलमध्ये याउलट घडते. रक्ताची मागणी वाढून पिवळी मज्जा पुन्हा लाल होऊ लागते. उपासमारीत तर कातडीखालची चरबी झडत असताना मज्जेतील मेद वाढलेला आढळतो. हिशेबाच्या माणसांना ही नोंद चक्रावणारीच वाटावी.

कधीकधी सुईत काहीच येत नाही. तेव्हा त्याच जागेतून हाडाचा बारीक तुकडा घेतात. नातेवाइकांना ही तपासणी फसल्याची खूण वाटते. परंतु मेद व पेशींचे खरे प्रमाण त्या तुकड्यातच दिसते, म्हणून संमतीपत्रात दोन्ही नमुन्यांचा उल्लेख असतो.