जुने औषध, नवे जीवदान

सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या खोऱ्यात महाड आणि पोलादपूर हे तालुके वसले आहेत. येथील शेताच्या बांधांत, दगडांखाली व सरपणाच्या ढिगात लाल विंचू आढळतो. तो आकाराने लहान. परंतु त्याचा दंश प्राणघातक ठरू शकतो. एके काळी विंचू चावताच लोक मांत्रिकाकडे धाव घेत. दवाखान्यातही नेमका उपाय नसे. तीव्र विषबाधा झालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ४० दगावत. त्यांत लहान मुलेही असत.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावसकर हे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रात रुजू झाले. मोठी उपकरणे हाताशी नव्हती. तेव्हा बारकाईचे निरीक्षण हेच त्यांचे साधन झाले. दंशानंतर दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. पुढे हृदय थकते व फुप्फुसांत पाणी साचते, हे त्यांनी टिपून ठेवले. १९८२ मध्ये ही लक्षणे त्यांनी ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडली.

असे का होते? विषामुळे शरीरातील काही द्रव्ये एकाएकी रक्तात उसळतात आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अरुंद वाटेने रक्त ढकलता ढकलता हृदय हतबल होते. मग या वाहिन्या सैल करणारे औषध दिले तर? असे औषध रक्तदाबाच्या रुग्णांसाठी आधीच वापरात होते. त्याचे नाव प्राझोसिन. बावसकरांनी ते विंचूदंशाच्या रुग्णांना दिले आणि रुग्ण वाचू लागले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी १९८६ मध्ये हा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्क्यापर्यंत उतरले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हेही २०११ मध्ये दिसून आले. २०२२ मध्ये बावसकरांना ‘पद्मश्री’ हा किताब मिळाला.

जुन्या औषधाला असे नवे काम मिळाल्याची इतरही उदाहरणे आहेत. रक्ताच्या दीर्घकालीन कर्करोगावर वापरले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध आता सिकलसेल या आजारातही उपयोगी पडते.

नवे औषध शोधण्यास बहुधा पुष्कळ वर्षे लागतात. परंतु रोगाचे मूळ नीट उमगले, तर उपाय कधी कधी आपल्या कपाटातच सापडतो. तो ओळखणारी दृष्टी मात्र रुग्णाविषयीच्या कळवळ्यातून आणि अखंड अभ्यासातून येते.

अभ्यास
१. विंचूदंशानंतर हृदय हतबल का होते?
२. प्राझोसिन मूळचे कोणत्या विकारावरील औषध होते? ते विंचूदंशावर कसे उपयोगी पडले?