नगावरची मजुरी आणि कॅलिफोर्नियाचा कायदा

कारागिराला नगावर मजुरी देण्याची रीत आपल्या धंद्यात जुनी आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरातील शिलाई कारखान्यांतही हीच रीत होती. तेथील केंद्र सरकारच्या १९३८ च्या कायद्याने नगावर मजुरी देण्यास मनाई नाही. अट एवढीच की, आठवड्याची कमाई कामाच्या तासांनी भागली असता ती ताशी किमान वेतनाखाली येता कामा नये. कागदावर हे ठीक दिसते. पण तास लिहितो कोण? ठेकेदार! त्याने तास कमी लिहिले की हिशोब बरोबर जमतो.

कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा केला की, ठेकेदाराने मजुरी बुडविली तर माल शिवून घेणाऱ्यानेही ती भरावी. मोठ्या ब्रँडवाल्यांनी त्यातून पळवाट काढली. मधे आणखी एक ठेकेदार उभा केला आणि 'आम्ही शिवून घेत नाही' म्हणून हात वर केले. व्यापारी म्हणून मला ही युक्ती नवी वाटत नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये राज्यपालांनी नव्या कायद्यावर सही केली व १ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. आता तेथे शिलाई कामगाराला नगावर मजुरी देता येत नाही, ताशीच द्यावी लागते. युनियनशी करार असेल तरच सूट आहे. नियम मोडल्यास पगाराच्या प्रत्येक हप्त्यामागे दर कामगाराला २०० डॉलर द्यावे लागतात. मग हात चलाख असणाऱ्या कारागिराचे काय? त्याला ताशी वेतनावर बक्षीस म्हणून जादा रक्कम देण्यास मोकळीक आहे.

पण खरा मुद्दा जबाबदारीचा आहे. मधे कितीही ठेकेदार असोत, बुडालेल्या मजुरीसाठी आता ब्रँडवालाही बांधील आहे. रंगाई करणे, कपड्याचे डिझाइन बदलणे, इतकेच काय लेबल लावणे हेही कायद्याने कपडा बनविण्यात धरले आहे. करार, ऑर्डर व बिले चार वर्षे जपून ठेवावी लागतात. म्हणजे ज्या भावाने ऑर्डर दिली, त्यात ताशी वेतन निघत नसेल तर तो फरक ऑर्डर देणाऱ्याच्याच अंगावर येऊ शकतो.

निर्यात करणाऱ्या बांधवांनी एवढे ध्यानात ठेवावे की, हा कायदा कॅलिफोर्नियात होणाऱ्या कामापुरता आहे. येथे शिवलेल्या मालाच्या मजुरीला तो लागत नाही.