अनेक संगणकांचा एक निर्णय

मोबाईलवरून आपण कोणास पैसे पाठवितो आणि पडद्यावरील चक्र फिरतच राहते. पैसे गेले की नाही? पुन्हा पाठविले तर दोनदा जातील काय? या साध्या शंकेमागे वितरित संगणनातील एक मूलभूत प्रश्न आहे.

जाळ्याने जोडलेले अनेक संगणक केवळ संदेशांच्या आधारे मिळून एक काम करतात, तेव्हा त्यांस वितरित प्रणाली म्हणतात. उत्तर आले नाही, तर आपला संदेश वाटेत हरवला, पलीकडील संगणक बंद पडला, काम होऊन उत्तर हरवले, की केवळ विलंब झाला, हे अलीकडील संगणकास ओळखता येत नाही. प्रत्येकाने ही अडचण नव्याने सोडवू नये म्हणून संगणकाची मूळ कार्यप्रणाली आणि आपला प्रोग्रॅम यांच्यामध्ये जो थर योजतात, तो मिडलवेअर होय. दूरच्या संगणकास द्यावयाची आज्ञा जवळच्या आज्ञेसारखीच लिहिता यावी, अशी योजना अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांनी १९८४ साली सविस्तर मांडली. तीत प्रत्येक मागणीस स्वतंत्र क्रमांक असे. तीच मागणी पुन्हा आली तर क्रमांकावरून ती ओळखली जाई आणि काम दोनदा होत नसे. आपल्या शंकेचे पहिले उत्तर हेच आहे.

परंतु ज्या संगणकात नोंद आहे तोच बंद पडला तर? म्हणून नोंदीच्या प्रती अनेक संगणकांवर ठेवतात आणि मग त्या सर्वांत एकवाक्यता राखावी लागते. फिशर, लिंच व पॅटरसन यांनी १९८५ साली सिद्ध केले, की संदेशास लागणाऱ्या वेळेस मर्यादा नसेल आणि एक जरी संगणक बंद पडू शकत असेल, तर ठरावीक नियमांनी चालणारी कोणतीही पद्धत निर्णय होईलच अशी हमी देऊ शकत नाही.

या सिद्धांताने संशोधन थांबले नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांची पॅक्सॉस पद्धत १९९८ साली प्रसिद्ध झाली. समजण्यास सोपी असावी हाच हेतू ठेवून ऑन्गारो व आउस्टरहाउट यांनी २०१४ साली राफ्ट ही पद्धत मांडली. दोहोंचा आधार बहुमत हाच आहे. पाच संगणकांपैकी तिघांनी नोंद स्वीकारली, तरच ती पक्की होते. पाचांतील कोणतेही दोन त्रिकूट घेतले, तरी त्यांत किमान एक संगणक समान असतोच. त्यामुळे आधीचा निर्णय विसरला जात नाही. दोन संगणक बंद पडले तरी काम चालते. तीन बंद पडले तर प्रणाली थांबते. मात्र परस्परविरोधी निर्णय देत नाही.

विद्यार्थ्यांनी हे स्वतः पडताळून पाहावे. पाच जणांनी निरनिराळ्या कोपऱ्यांत बसावे, केवळ चिठ्ठ्यांनी बोलावे आणि एकाने अधूनमधून चिठ्ठ्या दडवाव्यात. मग एकच आकडा ठरविण्याचा प्रयत्न करावा. अडचण लगेच कळेल आणि बहुमताचे महत्त्वही.

यंत्रे बंद पडणारच, हे गृहीत धरूनच या शास्त्राने विश्वसनीयता साधली आहे. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा थांबणे बरे, ही शिस्त आम्हांस त्याची सर्वांत मोलाची शिकवण वाटते.