सायबर सिक्युरिटीच्या कोर्सआधी गणित

कुंभवली-बोईसर पट्ट्यात बारावी सायन्सनंतर बहुधा दोन वाटांची चर्चा होते: तारापूर एमआयडीसीत केमिस्ट होणं किंवा मुंबईत ‘सायबर सिक्युरिटी’चा कोर्स करणं. दुसरी वाट धरणाऱ्याने आधी गणित पक्कं करावं, असं माझं मत आहे. संदेश कुलूपबंद करून पाठवायचा, तर समोरच्याची सार्वजनिक किल्ली (कुलूप लावणारी, सगळ्यांना खुली) खरोखर त्याचीच आहे याची हमी लागते. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ती हमी परवानाधारक संस्थांच्या डिजिटल सर्टिफिकेटवर सोपवली. पण कारखान्यांतल्या सांडपाण्याची मोजमापं पाठवणाऱ्या असंख्य छोट्या उपकरणांची सर्टिफिकेटं सांभाळत बसणं जिकिरीचं. ईमेल पत्ता हीच सार्वजनिक किल्ली का असू नये, असं कूटशास्त्रज्ञ अदी शमीर यांनी १९८४मध्येच सुचवलं होतं; बोने आणि फ्रँकलिन यांनी २००१मध्ये ते वापरण्याजोगं करून दाखवलं. खोट एकच, पण मोठी: प्रत्येकाची खासगी (कुलूप उघडणारी) किल्ली एक केंद्र बनवतं, म्हणजे त्या केंद्राला सगळंच वाचता येतं. २००३मध्ये अल-रियामी आणि पॅटरसन यांनी उपाय काढला. केंद्राने दिलेल्या अर्ध्या किल्लीला वापरणारा स्वतःच्या गुप्त संख्येने गुणतो. गंमत अशी, की ही अर्धी किल्ली म्हणजे बोने-फ्रँकलिन पद्धतीतली पूर्ण किल्लीच. त्यामुळे तेच केंद्र दोन्ही पद्धतींना पुरतं. मात्र नुसत्या पत्त्यावर काम भागत नाही, समोरच्याची सार्वजनिक किल्ली पुन्हा मिळवावी लागते. हा मेळ आणि ही किंमत दोन्ही दिसतात ती, या पद्धती ज्यांवर उभ्या आहेत त्या इलिप्टिक कर्व्हचं बीजगणित येणाऱ्याला. नुसतं सॉफ्टवेअर चालवायला शिकलेल्याला नाही.

क्वांटम संगणक हे सगळं मोडणारच, मग शिकायचं कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पीटर शोर यांची १९९४ची क्वांटम रीत इलिप्टिक कर्व्हच्या मुळावरच येते. पण २००८मध्येच लॅटिसवर (बिंदूंच्या नियमित जाळीवर) उभी असलेली, पत्त्यालाच किल्ली मानणारी पद्धत आली, आणि अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने २०२४मध्ये जाहीर केलेल्या नव्या मानकांतही लॅटिस आहेतच. पद्धत बदलली तरी रेषीय बीजगणित आणि संख्या सिद्धांताची पुंजी वाया गेली नाही. निव्वळ क्रिप्टोग्राफीच्या जागा थोड्या असतात, ही पालकांची भीतीही खोटी नाही. पण हेच गणित डेटा, बँकिंग आणि सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांतही चालतं. म्हणून बी.एस्सी. गणिताला ‘काहीच न मिळालेल्यांची’ शाखा समजू नका. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत क्रिप्टोलॉजी आणि सिक्युरिटीचा एम.टेक. आहे, ‘सायबर सिक्युरिटी’च्या कोर्सची फी भरण्याआधी त्याच्या प्रवेशपरीक्षेचे जुने पेपर मुलांसोबत एकदा पाहून घ्या.