रक्तपट्टिकांच्या ओळखखुणा आणि मानवसमूहांतील वैविध्य

डेंग्यूच्या साथीमुळे ‘प्लेटलेट कमी झाल्या’ हे शब्द आता खेडोपाडीही परिचित झाले आहेत. रक्तातील या सूक्ष्म घटकांना मराठीत रक्तपट्टिका म्हणतात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या सर्वसाधारणपणे दीड ते साडेचार लाख असतात. जखमेतून वाहणारे रक्त थांबविण्यास प्रथम धावून जातात त्या याच.

तांबड्या पेशींवरील खुणांवरून ए, बी, ओ हे रक्तगट ठरतात. रक्तपट्टिकांवरही अशाच आनुवंशिक खुणा असतात. शास्त्रीय भाषेत त्यांना प्रतिजन म्हणतात. आपल्याजवळ नसलेली खूण बाहेरून आली, तर शरीर तिला परकी समजून तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करू शकते.

बालकाला असलेला धोका

मातेजवळ नसलेली खूण गर्भाला पित्याकडून मिळाली, तर क्वचित मातेची प्रतिपिंडे वारेवाटे गर्भात शिरून त्याच्या रक्तपट्टिका नष्ट करतात. त्यातून मेंदूत रक्तस्राव होऊन बालक दगावू शकते किंवा त्याला कायमचे अपंगत्व येते. आरएच घटकाच्या विसंगतीत पहिले मूल सहसा सुरक्षित राहते; येथे मात्र पहिल्या मुलालाही धोका संभवतो. यात मातेचा कोणताही दोष नसतो, हे कुटुंबीयांना समजावून सांगणे अगत्याचे आहे.

प्रदेशागणिक निराळे प्रमाण

अशा खुणांपैकी ‘एचपीए-१ए’ ही खूण युरोपीय वंशाच्या शंभरांपैकी सुमारे ९८ व्यक्तींमध्ये असते. उरलेल्या दोघांत ती नसते व तेथील बालकांच्या या गंभीर आजाराचे तेच प्रमुख कारण ठरते. जपानी व चिनी लोकांत ही खूण नसलेली व्यक्ती अत्यंत विरळा. परंतु म्हणून तेथे हा आजारच नाही, असे नव्हे. जपानमध्ये ‘एचपीए-४’ गटातील विसंगतीमुळे तो उद्भवतो. ‘सीडी-३६’ नावाचे प्रथिन रक्तपट्टिकांवर नसणे हेही आशियाई व आफ्रिकी लोकांत युरोपीयांपेक्षा पुष्कळ अधिक आढळते. साहजिकच, केवळ युरोपातील अनुभवावर बेतलेली तपासणी आशियात अपुरी पडते आणि आजाराचे खरे कारण हाती लागत नाही.

तांबड्या पेशींबाबत हाच धडा मुंबईने जगाला दिला. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाचा शोध जाहीर केला. हा गट भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा, तर युरोपात दहा लाखांत एखाद्याचा असतो.

समाजाचे कर्तव्य

समूहांतर्गत विवाह, स्थलांतरे व योगायोग यांमुळे पिढ्यान्‌पिढ्या हे प्रमाण बदलत गेले. त्यात श्रेष्ठ-कनिष्ठतेचा प्रश्नच नाही. बहुतेक खुणा कमीअधिक प्रमाणात अनेक समाजांत आढळतात. रक्ताला जात नसते, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावे.

दान केलेल्या रक्तपट्टिका साधारणपणे पाचच दिवस टिकतात. वारंवार रक्तपट्टिका घेतलेल्या काही रुग्णांना पुढे जुळणाऱ्या दात्याचीच आवश्यकता भासते. असा दाता कोणत्या वस्तीत सापडेल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच पंचायत सदस्यांनी रक्तदान शिबिरात गावातील सर्व वस्त्यांना व समाजांना सहभागी करून घ्यावे. दात्यांच्या यादीत जितके वैविध्य, तितकी एखाद्या रुग्णाचे प्राण वाचण्याची शक्यता अधिक.