ब्रँड विकत घेतला, घसारा कशावर?

प्रश्न : चालू मसाला-उद्योग एकरकमी विकत घेतला. मालमत्तेपेक्षा जास्त दिलेली सगळी रक्कम ट्रेडमार्कवर दाखवून २५ टक्के घसारा घेता येईल का?

उत्तर : सगळी दाखवू नका. ट्रेडमार्क, पेटंट, तांत्रिक ज्ञान यांवर घटत्या मूल्याने २५ टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी असल्यास निम्मा. गुडविललाही तो मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्मिफ्स सिक्युरिटीज प्रकरणात ठरवले होते. २०२१ च्या वित्त कायद्याने ती वाट बंद केली. म्हणून तर गुडविलला ट्रेडमार्क म्हणण्याचा मोह होतो! तुम्ही म्हणाल, दोन परक्या पक्षांनी ठरवलेल्या किमतीत कर अधिकाऱ्याने का पडावे? पण त्यांनी ठरवली ती एकूण किंमत. एकरकमी सौद्यात तिची वाटणी कशीही केली तरी विकणाऱ्याला बहुधा फरक पडत नाही, त्यामुळे त्या आकड्यांवर घासाघीस झालेली नसते. करबचत हाच मुख्य हेतू दिसला, तर अधिकारी वरिष्ठांच्या मंजुरीने किंमत नव्याने ठरवू शकतो. तेव्हा हेच चिन्ह परवान्यावर वापरले असते तर किती रॉयल्टी द्यावी लागली असती, याचा हिशेब मूल्यांककाकडून करून घ्या. त्या वाचलेल्या रॉयल्टीचे आजचे मूल्य ट्रेडमार्कचे; मसाल्याची कृती वेगळी मोजा. उरेल ते गुडविल. त्यावर घसारा नाही, पण पुढे विकताना भांडवली नफा काढण्यासाठी विक्री किमतीतून त्याची खरेदी किंमत वजा होते.