ईदचे टपाल तिकीट

(टपालाचे तिकीट आकाराने लहान असते, पण त्यावर त्या देशाची ओळख असते. अमेरिकेतील ईदच्या तिकिटाची हकीकत या पाठात सांगितली आहे.)

रमजान ईद असो की बकरी ईद, नमाज झाली की लोक एकमेकांना आलिंगन देतात आणि 'ईद मुबारक' म्हणतात. दूरच्या आप्तांना पत्राने शुभेच्छा पाठवतात. हेच दोन शब्द 2001 साली अमेरिकेच्या टपाल तिकिटावर उमटले.

अमेरिकेत नाताळची तिकिटे 1962 पासून निघत होती. ज्यू लोकांच्या हनुक्का सणाचे तिकीट 1996 मध्ये निघाले. मग ईदचे तिकीट का नाही? तेथील मुसलमानांनी टपाल खात्याला पत्रे लिहिली. पत्रे लिहिणाऱ्यांत शाळेतील मुलेही होती. अखेर 1 सप्टेंबर 2001 रोजी, शिकागोजवळच्या डेस प्लेन्स या गावी, 34 सेंटचे ईदचे तिकीट प्रसिद्ध झाले.

निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरांत 'ईद मुबारक' असे त्यावर लिहिले आहे. तुम्ही उर्दू वाचता, म्हणून ते तुम्हांला सहज वाचता येईल. मात्र तुमच्या पुस्तकांतील वळण नस्तालीक असते, तर तिकिटावरचे वळण सुलुस आहे.

ही अक्षरे मोहम्मद झकरिया यांची आहेत. त्यांचा जन्म 1942 साली कॅलिफोर्नियात झाला. तरुणपणी ते मोरोक्कोला गेले. तेथे त्यांना इस्लामची व अरबी सुलेखनाची ओढ लागली. पुढे त्यांनी इस्लाम स्वीकारला. चाळिशी ओलांडल्यावर, 1984 पासून, ते इस्तंबूलच्या उस्तादांकडून पुन्हा शिकू लागले. 1988 मध्ये त्यांना इजाजत मिळाली. इजाजत मिळाल्यावरच शागिर्दाने आपल्या लेखनाखाली सही करावी, असा या कलेत रिवाज आहे. तिकिटासाठी त्यांनी बोरूने काळ्या शाईत अक्षरे लिहिली. रंग नंतर संगणकावर भरले गेले.

तिकीट निघून दहाच दिवस झाले आणि 11 सप्टेंबरला अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला. जवळजवळ तीन हजार माणसे मारली गेली. मृतांत मुसलमानही होते. तरीही काही लोक संतापाच्या भरात सगळ्याच मुसलमानांना दोष देऊ लागले. ईदचे तिकीट मागे घ्या, अशी मागणी झाली. टपाल खात्याने ती मानली नाही.

2002 च्या जूनअखेर पत्राचा दर 37 सेंट झाला. आता 34 सेंटचे तिकीट पुरेसे नव्हते. खात्याने ठरवले असते, तर ईदचे तिकीट तेथेच गुपचूप बंद पडले असते. पण ऑक्टोबर 2002 मध्ये तेच तिकीट नव्या दराने पुन्हा छापले गेले. पुढेही दर वाढले, तसे तिकीट पुन्हा निघत राहिले. 2011 मध्ये ते लाल पार्श्वभूमीवर निघाले.

संकटाच्या दिवसांत शेजाऱ्याचा सण विसरणे सोपे असते. तो लक्षात ठेवला, तरच शेजार टिकतो.

शब्दार्थ
आप्त – नातेवाईक
वळण – अक्षराची धाटणी, खत
सुलेखन – खत्ताती
बोरू – लिहिण्यासाठी तासलेली लेखणी, कलम

स्वाध्याय
1. इजाजत मिळाल्यावर शागिर्दाला कोणता हक्क मिळतो?
2. 2002 मध्ये ईदचे तिकीट पुन्हा का छापावे लागले?
3. ईदच्या शुभेच्छा देणारे पत्र दूरच्या मित्राला मराठीत लिहा.